यादीत नसलेली आई

हार्लन फोर्क हे अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखातलं गाव. तिथं लोर्ना प्रुइट बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय. गाव तिला आडमुठी म्हणतं, आणि ते काही खोटं नाही.

तिची जोडीदार जनेल बाळंत झाली तेव्हा नाळ लोर्नानंच कापली. लग्न मात्र दोघींनी केलं नव्हतं, त्यामुळे मुलीच्या, टेसाच्या, जन्मदाखल्यावर आई एकच, जनेल. लोर्नाला कायद्यानं आई व्हायचं तर स्वतःचीच मुलगी दत्तक घ्यायला हवी होती. म्हणजे बोटांचे ठसे द्या, वर सरकारी बाई येऊन घर तपासणार.

"माझा फ्रीज हुंगून ती ठरवणार, मी आई म्हणून चालते की नाही?"

"करून टाक ना गं एकदाचं," जनेल म्हणायची.

लोर्नानं अर्ज फाडून टाकला. हा ताठा तिला फार महागात पडला.

टेसा तीन वर्षांची असताना जनेल अचानक गेली. दफनाला आठवडा होत नाही तोच जनेलची आई व्हर्ना पोरीला घेऊन गेली. लोर्ना कोर्टात गेली. न्यायाधीशानं कागद मागितला, तो तिच्याकडे नव्हता. ही बाई मुलीची कोणी नाही, असा निकाल झाला.

दोन वर्षांनी राज्यानं कायदा बदलला. आता दवाखान्यातच दोघींनी एका फॉर्मवर सह्या केल्या की दोघीही आया, झडतीबिडती काही नाही. लोर्ना धावत वकिलाकडे गेली.

"हे पुढच्यांसाठी आहे," वकील म्हणाला. "आणि तुमच्या निकालावर अपिलाची मुदतही संपलीय."

"मग मी काय कडेला उभी राहून टाळ्या वाजवू?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. वकिलांना नेमकं अशाच वेळी घड्याळ आठवतं.

सप्टेंबरात टेसा बालवर्गात आली, तीही लोर्नाच्याच बसमध्ये. बालवर्गातलं मूल यादीत नाव असलेल्या मोठ्या माणसाच्याच हाती द्यायचं. कुणी नसेल तर परत शाळेत न्यायचं, असा नियम. एका दुपारी व्हर्ना फाटकाशी नव्हती, दुसरंही कुणी नव्हतं. यादीत आजी, आजोबा आणि चक्क शेजारचा प्लंबर. बसमध्ये टेसा एकटीच उरली होती, आणि लोर्नाचं घर पुढच्याच वळणावर होतं.

"तू माझ्या मम्माची मैत्रीण होतीस ना? आजी म्हणाली," टेसानं विचारलं.

 पोरीला उचलून सरळ घरी न्यावं, असं लोर्नाला फार फार वाटलं. पण नेलं असतं तर त्याला पळवणं म्हणाले असते, आणि मग पोर पुन्हा दिसलीही नसती. तिनं बस वळवली.

शाळेत कारकुनानं वही पुढे केली. मूल आणणाऱ्याचं नाव, वेळ, मुलाशी नातं. लोर्नानं नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ड्रायव्हर.