हळदीच्या मुलखात कुंडीतली हळद

पोस्टकार्ड जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, कुणीतरी गेलं. मी म्हटलं, "नाही काकू, कुणीतरी बोलावलंय." त्या बिचाऱ्या पाण्याचा पेला घेऊन आल्या. मी तो पेला हातात धरून कार्ड पुन्हा वाचत बसलो.

कार्ड होतं एलिया मामांचं, हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान गावातून. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, निवृत्त शाळामास्तर, शेतकरी, आणि गावातल्या वीसेक ख्रिस्ती घरांच्या मंडळीचे पंच. बाबा गेल्यावर आठवी ते दहावी मी त्यांच्याच घरी काढली. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना पत्रात लिहून टाकलं होतं की मी लग्न करणार नाही, कारण मी रूबेनबरोबर राहतो, आणि रूबेन हा माझा रूम पार्टनर नाही, माझं माणूस आहे. उत्तरादाखल एक कार्ड आलं. त्यावर शास्त्रातल्या दोन उताऱ्यांचे नुसते आकडे होते, एक लेवीयातला, एक रोमकरांच्या पत्रातला, दोन्ही पुरुषाने पुरुषाशी संग करू नये असं बजावणारे. ना खुशाली, ना आशीर्वाद. मग दोन वर्षं चिडीचूप. आणि आता हे: "फेब्रुवारीत कापणीचा सण आहे. या. दोघं या."

दोघं या! ही गोष्ट याच वर्षीची, दोन हजार आठची. तेव्हापर्यंत आम्हा दोघांना मिळून कुणी साधं चहाला बोलावलं नव्हतं. रूबेन मूळचा नगरचा, चर्चमध्ये खर्जात गाणारा, देहाने दणकट आणि मनाने भित्रा. त्याने कार्ड उजेडात धरून पाहिलं, जणू खोटी नोट आहे. मग म्हणाला, "जाऊ, पण मी मागेच बसेन."

त्याच्या भीतीला कारण होतं. मामांच्या मंडळीत कापणीच्या सणाची एक रीत आहे. घरोघरी जे पिकलं त्यातला पहिला वाटा टोपलीत घालून आणायचा. पंच यादी वाचतात, अमक्याचं घर, तमक्याचं घर, आणि ते घर, म्हणजे नवरा, बायको, लेकरं, म्हातारी, सगळी एकदम उठून वेदीपर्यंत जातात. अविवाहित माणूस आईबापांच्या नाहीतर मामाच्या घरात मोजला जातो. म्हणजे मी मामांच्या टोपलीमागे जाणार, आणि रूबेन पाहुणा म्हणून मागच्या सतरंजीवर, चपलांच्या शेजारी. बोलावलं तर होतं, पण कोण म्हणून, हे कार्डात नव्हतं.

असो, आता प्रवासाकडे वळतो, कारण हे वाचून तुमच्यापैकी काहींना तिकडे जावंसं वाटेल, आणि वाटावंच. पुण्याहून पहाटेची एसटी धरून नगर, बीड करत परभणीला उतरलो आणि तिथून औंढा नागनाथची गाडी घेतली. दिवस संपतो, पाठीचे मणके सुटे होतात. तोंडाला बांधायला उपरणं घ्याच, धुळीने आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. खिडकीतून सगळीकडे काळी माती, काढणीला आलेला हरभरा, आणि मध्येच शिजत्या हळदीचा उग्र, ओलसर वास. त्या वासाने रूबेन खुलला. तो आमच्या गॅलरीत, पत्र्याच्या जुन्या डब्यात हळद लावतो, आणि त्याने रुमालात बांधून मूठभर ओली हळद सोबत घेतली होती. हिंगोली जिल्ह्यात हळद! मी म्हटलं, कोळ्याच्या घरी बोंबील घेऊन जा एकदा. त्याने रुमाल पिशवीत खोल खुपसला.

औंढ्याला लॉजवर एकच खोली रिकामी होती, दोनशे रुपये, गरम पाण्याची बादली सकाळी. वहीत नातं लिहायचं होतं. मी म्हटलं आतेभाऊ, त्याच दमात रूबेन म्हणाला मामेभाऊ. माझी पाचावर धारण बसली. लॉजवाल्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बराबर हाय." होतंही बरोबर! खोलीत जाऊन आम्ही उशीत तोंड खुपसून हसलो.

सकाळी देऊळ पाहिलं. आम्ही ख्रिस्ती असलो तरी असलं कोरीवकाम सोडून जाणं म्हणजे करंटेपणा. हत्तींच्या ओळी, नर्तकी, आणि गाभारा खाली भुयारात, वाकून उतरायचा. रूबेन उतरताना अडकला, मागच्या आजींनी पाठीला हात लावून त्याला पुढे लोटला. बाहेर बेल-फुलं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं की पूर्वी एका संताला दारासमोर भजन करू दिलं नाही, मागे पाठवलं, तेव्हा देवळानेच फिरून त्याच्याकडे तोंड केलं. "म्हणून तर नंदी मागं राहून गेला बघा," त्या म्हणाल्या. नंदीला कुणी कळवलंच नसणार. रूबेनने ती गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतली.

तिथून हिंगोली, आणि हिंगोलीहून वडाप जीपने कळमनुरी. जीपमध्ये आम्ही अकरा माणसं आणि एक शेळी. कळमनुरीत आठवडी बाजार भरला होता. तिथे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि डाळवांगं खा, तीस रुपयांत पोट फुटतं. आणि तिथेच मी माझा मूर्खपणा केला. मामांच्या दारात मूठभर हळद घेऊन जायची मला लाज वाटली, म्हणून मी एक भोपळा विकत घेतला. भोपळा कसला, गावाचा पाटील! दुसऱ्या जीपमध्ये त्याला मांडीवर घेऊन बसलो, आणि शेजारी बसलेल्या, बंजारा तांड्यावरच्या आजींनी मला वाटभर विचारलं की बाळाला पाजलं का.

मामी दारातच होत्या. मार्था मामींनी आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग रूबेनकडे नीट वरून खाली पाहिलं, आणि मग भोपळ्याकडे.

"ह्यो काहून आनला?"

टोपलीसाठी, मी म्हटलं.

"इकत आनलेलं टोपलीत घालत न्हाईत. शेरात जाऊन इसरलास?"

विसरलोच होतो. टोपलीत फक्त आपल्या घरी पिकलेलं चालतं. मामींनी भोपळा दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात नेला, सणाच्या भाजीची सोय झाली. जाता जाता त्यांनी विचारलं, मग तुमच्या घरी काय पिकतं? मी पायाकडे बघत होतो. रूबेनने पिशवीतून रुमाल काढला आणि सोडला. मामी बघतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की उंबऱ्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांच्या मागच्या परसात हळदीचा हा एवढा ढीग वाळत पडला होता.

मामा मात्र हसले नाहीत. ते आतून चष्मा पुसत आले होते, दोन वर्षांत खांद्यातून वाकलेले. मी नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांनी एक हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग बघितला आणि रूबेनला विचारलं, पाणी कोण घालतं. रूबेन म्हणाला, मीच, सुधीर विसरतो. "लहानपनापासून इसरतो," मामा म्हणाले आणि हळकुंडाचे दोन्ही तुकडे परत रुमालात ठेवून आत गेले. एवढंच.

माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. पुण्यात महिनाभर खपून तयार केलेली. त्यात बायबलमधला इथिओपियाचा तो दरबारी होता, रथात बसून शास्त्र वाचणारा, ज्याला षंढ म्हणून सगळीकडे मज्जाव होता आणि तरी ज्याचा बाप्तिस्मा वाटेतल्या पाण्यात होऊन गेला. मूळ भाषेतले शब्द होते, विद्वानांची मतं होती. मामा विचारतील आणि मी फडाफड उत्तरं देईन, असा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, चल वावरात. मी चिठ्ठी चाचपून निघालो. मला इतकी धाकधूक दहावीच्या निकालालाही झाली नव्हती.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून त्यांनी मला कापलेल्या तुरीची खुंटं दाखवली. सहा तास, म्हणजे ओळी, सोयाबीन, मग दोन तास तूर, पुन्हा सोयाबीन, पेरणीची तीच जुनी रीत. म्हणाले, तुला आकडे लिहून पाठवले आणि मलाच झोप लागेना. मग तो उतारा मागून पुढून वाचायला घेतला, मास्तर पोराची वही तपासतो तसा.

"पुढचंच पान हाय बग. एका वावरात दोन वानांचं बी पेरू नगं, असं लिवलंय." त्यांनी हात खुंटांवरून फिरवला. "आन मी वीस वर्सं ह्याच वावरातली तूर आन सोयाबीन टोपलीत घालून वेदीवर ठिवून राहिलो. कुनी मला उठवलं न्हाई."

मी चिठ्ठीवरचा हात काढला. मग मीच, गाढवासारखा, विचारलं, "आणि रोमकरांचं?"

"त्यो उतारा जड जाऊन राहिला मला," मामा म्हणाले. "कळला म्हनून सांगनार न्हाई. पन पेत्रासारख्या शिष्याला बी दर्शनात ती वर्ज्य जनावरांनी भरलेली चादर तीनदा दाखवावी लागली. देवानं शुद्ध केलेलं तू इटाळ म्हनू नगं, हे तीनदा सांगावं लागलं त्याला. मी तर साधा मास्तर. मला टाइम लागतो, सुध्या."

मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि नाकातून विचित्र आवाज निघाला. मामांनी खिशातून रुमाल दिला. घरी परतेपर्यंत ते हरभऱ्यावरच्या अळीबद्दल बोलत होते. उद्या यादीत काय वाचणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, निळा रंग, दारात आंब्याच्या पानांचं तोरण. पाळकांकडे पाच गावं, त्यामुळे हा सण पंचांवरच. रूबेन ठरल्याप्रमाणे चपलांशेजारी बसला, मी त्याच्या बाजूला. मामींनी आमच्यापुढे आमचीच हळद घातलेली एक छोटी टोपली सरकवली होती. यादी सुरू झाली. गहू गेला, तूर गेली, एक कोंबडी पिसं उडवत गेली. मामांचं घर पुकारलं, मामी एकट्याच उठल्या. मी अर्धा उठलो, त्यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

मग मामांनी यादीची घडी घातली. म्हणजे संपली. रूबेनने खाली मान घातली. मामांनी चष्मा काढला आणि कागदाशिवाय म्हणाले, "सुधीर आन रूबेन यांचं घर."

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू आली. आम्ही उठलो. टोपली एका बाजूने रूबेनने धरली, दुसऱ्या बाजूने मी. डॅनिएल काका, मामांच्या जोडीचे पंच, उठून पाणी प्यायला बाहेर गेले आणि गाणं सुरू होईपर्यंत आत आले नाहीत. हेही सांगायलाच हवं. दोन-तीन बायांनी पदर सावरून वाट करून दिली. आम्ही गव्हाच्या पोत्याशेजारी ती मूठभर हळद ठेवली, आणि मामांनी प्रत्येक घरावर ठेवला तसाच आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, एक माझ्या, एक त्याच्या. त्यानंतरच्या गाण्यात रूबेन असा गायला की कोंबडी पुन्हा उडाली.

जेवणात भोपळा होता. डॅनिएल काकांनी दोनदा वाढून घेतला आणि हात धुताना मामांना सांगितलं की हे प्रकरण पाळकांपर्यंत जाईल. मामा म्हणाले, जाऊ द्या, मला लिहिता येतं. मी आयुष्यात इतका आनंदी क्वचितच होतो. परतीच्या जीपमध्ये आम्ही टपावर बसलो, जे तुम्ही करू नका, आणि कळमनुरी येईपर्यंत ओरडून गात होतो.

आता जुलै चालू आहे. पाळकांचं पत्र मामांना आलं, मामांनी चार पानी उत्तर लिहिलं, अजून काही ठरलेलं नाही. रोमकरांचा उतारा मामांना अजून जड जातो, खरं सांगायचं तर मलाही. निघताना त्यांनी आमच्याच हळदीतलं एक हळकुंड आणि पुडीत थोडी तूर दिली होती, बियाण्याला. रूबेन म्हणाला तुरीला वेगळी कुंडी आणू. मी म्हटलं मुळीच नाही. एकाच डब्यात लावलं, दोन्ही उगवलंय, आणि पाणी मी घालतो.

काल मामींचा फोन आला. मामांनी पुढच्या वर्षाची यादी नव्याने लिहायला घेतली आहे आणि आमचं घर त्यांच्या घराच्या लगेच खाली घातलं आहे. "टोपली मोठी आना," मामी म्हणाल्या, "आन भोपळा आनायचाच आसंल तर आत्ताच बी टाका."