हबशीण

जेद्दाला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या भाबीची सोन्याची बांगडी गेली, तेव्हा निवाडा माझ्याच हॉलमध्ये झाला. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या दिवशी भाबीकडे दोघीच येऊन गेल्या होत्या. एक आपल्या रायगडकडची शिवणवाली, दुसरी साफसफाई करणारी इथिओपियाची बाई. माझ्याकडे भाबी आणि बिल्डिंगमधल्या दोघी शेजारणी जमल्या, आणि चहा संपायच्या आत ठरलंसुद्धा!

"त्या हबशिणीचंच काम. तोंडावरून कळतं," एक शेजारीण म्हणाली.

"अगं, शिवणवालीही आली होती ना?" मी विचारलं.

"खाला, काहीतरीच काय! ती आपल्यातली," भाबी मला म्हणाली.

ती बाई दारात बादली घेऊन उभी. मराठी तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण तो एक शब्द बरोबर कळला. घरच्या बाईला तिकडे 'मामा' म्हणतात, तशी मला म्हणाली, "मामा, मैं हबशी. मैं चोर नहीं."

मी म्हटलं, "बायांनो, आपण मुरुडच्या. आपले नवाब कोण होते गं? हबशीच ना? त्यांच्या किल्ल्याचं कौतुक पाहुण्यांना सांगताना थकत नाही तुम्ही!"

"ते वेगळं," भाबी म्हणाली. तिच्या नवऱ्याने कफीलला, म्हणजे त्या बाईला कामावर आणणाऱ्या अरब मालकाला, फोन लावला. तो येऊन बाईला घेऊन गेला, देशाला परत धाडतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बांगडी सापडली. तांदळाच्या पिठाच्या डब्यात! भाकरीची उकड मळायच्या आधी काढून भाबीनेच गावच्या सवयीने तिथे खुपसली होती.

"मिळाली ना? मग खलास," भाबी म्हणाली.

"खलास कसं? त्या बाईचं काय?"

मी कफीलला फोन केला. तो म्हणाला, जिची बांगडी तिने सांगावं. त्या दोघी शेजारणींची दारं वाजवली, म्हटलं सोबत तरी या. एकीचं तळण चाललं होतं, दुसरीचं डोकं दुखत होतं. काल बसायला जागा पुरत नव्हती माझ्याकडे! शेवटी एकटीच भाबीकडे गेले.

"खाला, एका हबशिणीसाठी आम्हाला खोटं पाडणार?" भाबी म्हणाली.

"पाडणार," म्हटलं, आणि कफीलला पुन्हा फोन लावून तिच्या तोंडाशी धरला.

मोडक्या अरबीत ती कसंबसं पुटपुटली.

"मोठ्याने बोला," कफील पलीकडून म्हणाला. "ती इथेच बसली आहे, तिलाही ऐकू दे."