सिंगापुरात फरशी गरम करायची म्हणे

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांना इथल्या उकाड्याची धास्ती होती. प्रत्यक्षात त्या गारठल्या. कारण माझा नवरा. हा माणूस ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी एसीचा रिमोट शोधतो, आणि आमची लेक अगदी त्याच्याच वळणावर गेलेली. आई आधी मोजे घालून बसायच्या, मग मोज्यांवर मोजे, मग शाल. एका संध्याकाळी त्या चहाचा कप घेऊन उठल्या. "तुमचं चालू द्या, मी आपली स्वयंपाकघरात बरी," म्हणाल्या. तिथे एसी नव्हता. पुढे ती त्यांची रोजचीच जागा झाली. मधे काचेचं सरकतं दार. अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे त्या एकट्या, मटार सोलत. मला ते बघवेना.

सिंगापुरातल्या बिशान भागाजवळचं आमचं घर जुनं, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीतलं. मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे एक खोली वाढवायचं चाललंच होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "खोली बांध, पण चौघांना एकत्र बसता येईल अशी बांध."

तो कामासाठी कोरियात जाऊन आला होता. तिथल्या गरम जमिनीवर अनवाणी चालल्यापासून त्याचं डोकं फिरलेलं. "फरशी गरम करू!" तो म्हणाला. "वरून एसी, खालून ऊब. म्हणजे भांडणच नको."

मी हसत सुटले. आमच्या कॉन्ट्रॅक्टरला मात्र हसू आलं नाही, त्याला काळजी वाटली. "मॅडम, हीटिंग? यू मीन कूलिंग, राइट?" नवऱ्याने हीटिंगच म्हणून सांगितल्यावर तो माझ्याकडे वळला. घरातलं शहाणं माणूस शोधत असावा. मी मान डोलावली, तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. "सिंगापूर ऑलरेडी हॉट, लाह," एवढं इथल्या लकबीत स्वतःशीच पुटपुटून तो कामाला लागला.

आईंना हे कळल्यावर त्या वेगळ्याच घाबरल्या. "अगं, जमिनीत विजेच्या तारा? आणि मी वर ओल्या पायांनी चालायचं?" मी त्यांना समजावलं की तारा पूर्ण बंदिस्त असतात, वर सिमेंट, त्याच्यावर फरशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या मुलाला सांगितलं, "आधी तू चाल."

खोली झाली. फरशी पक्की बसेपर्यंत गरम करायची नव्हती, म्हणून आम्ही कळ काढली. मग एका रविवारी नवऱ्याने एसी लावला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि मोजे काढून मधोमध उभा राहिला. लेक त्याच्या शेजारी. आई उंबऱ्याच्या अलीकडे.

"लागतंय का गरम?" त्यांनी विचारलं.

"थोडं थोडं," नवरा म्हणाला.

"नो लाह, बाबा. आइस कोल्ड," लेक म्हणाली.

मी वाकून हात लावला. फरशी गारढोण. नवऱ्याने बटणं दाबली, वायरिंग तपासलं, माहितीपुस्तिका उलटीसुलटी वाचली. अखेर कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याने भिंतीवरच्या त्या बटणांच्या डबीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि पहिल्यांदाच आमच्या घरात खदखदून हसला. ती डबी खोलीतल्या हवेचं तापमान बघत होती. कुठल्याशा थंड देशासाठी बनवलेली ती. आमचा बावीस अंशांवरचा एसीसुद्धा तिच्या मते मस्त उबदार होता, मग फरशी तापवायची कशाला? त्याने तिला हवा सोडून फरशीचं तापमान बघायला लावलं आणि तो हसतच गेला.

अर्ध्या तासाने नवरा ओरडला, "आई, ये!"

त्यांनी एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग एक मोजा काढला, थांबल्या, दुसरा काढला. सरळ खाली मांडी घालून बसल्या आणि दोन्ही तळहात फरशीवर टेकवले. लेक दप्तर घेऊन त्यांच्याजवळ जाऊन पसरली. नवरा सोफ्यावरून उतरला. मीही चहा घेऊन खालीच बसले. एवढ्या हौसेने घेतलेला सोफा रिकामा, आणि आम्ही चौघं जमिनीवर.

तासाभराने आईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. "अरे," त्या मुलाला म्हणाल्या, "तो एसी जरा वाढव की. उकडतंय."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एसी वाढवायला आईची परवानगी! तो धावतच रिमोट आणायला गेला.

आता वरून एसी आणि खालून फरशी, असं दोन्ही रोज चालतं. हा निव्वळ वेडेपणा आहे हे मला पटतं, पण मी काही बोलत नाही. आई मटार सोलायला तिथेच येतात. लेक त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगते, अर्ध्या इंग्रजीत. त्या सगळं कळल्यासारखं करतात आणि मधेच तिच्याही हातात शेंगा देतात.