हिवरखेडची बंडी

"काहून बे, वरातीत चालून राहिला का? मागं बैल लागला तरी असाच धावशील?"

"बैल लागला त बाजूले होईन ना सर. त्याच्यासंगं शर्यत कायले लावू?"

अमरावतीच्या मैदानावर पोट्टे खदखदून हसले. ओमप्रकाश सर हसले नाहीत. त्यांनी एकदा हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा योगेशकडे, आणि शिट्टी तोंडात घातली. विभागाच्या फुटबॉल संघाची निवड चालू होती. पहिलं काम धावण्याचं. जोडीजोडीनं पोट्टे सोडले होते, आणि आमच्या हिवरखेडचा योगेश आपल्या जोडीदाराच्या बराच मागून, आरामात, दम न लागता पोचला होता. दम लागला असता तर निदान सरांना बरं वाटलं असतं.

हा योगेश म्हणजे देवीदासभाऊचा पोरगा. भाजीपाल्याचं घर. गावात त्याला 'बंडी' म्हणतात. बंडी म्हणजे आमची मालाची बैलगाडी. पुण्याकडचा वाचक अंगात घालायची समजेल म्हणून सांगून ठेवतो. शाळेत पकडापकडीत त्याच्यावर डाव आला की घंटा होईपर्यंत तो त्याच्याचवर राहायचा. कोणी चिडवलं तरी पोट्टा धावायचा नाही. "बंडीत माल असते," म्हणायचा, "रिकामी सायकल नाई मी."

आता असा माणूस फुटबॉल खेळतो तरी कसा? ते गोबीच्या वावरातून आलं. आमच्याकडं मोटर सुरू झाली की पाणी पाटानं सुसाट निघतं. नवखा माणूस त्याच्या मागं पळतो, आणि तो पोचेपर्यंत वाफा फुटून पाणी धुऱ्यापार, म्हणजे बांधाच्या पलीकडं. देवीदासभाऊनं लहानपणीच योगेशला फावड्याचा दांडा दाखवून दम दिला होता, "पाण्याच्या मागं नको धावू. ते कुठी जाईन, तिथं आधी उभा राय." देवीदासभाऊ गोबीबद्दल बोलत होता. फुटबॉलबद्दल तो आजही एवढंच विचारतो, की एवढं धावून पीक काय निघते? पण पोरानं ते बॉलला लावलं.

त्या दिवशीही लावलं. धावणं झाल्यावर सरांनी दोन संघ पाडून सामना घेतला. योगेश मैदानाच्या मधोमध. बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागं पाहायचा, आणि आला की लगेच सोडून द्यायचा. त्याच्या उजव्या अंगाला पुष्कर होता. अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, निवडीतला सगळ्यात वेगवान. तो आधी बोंबलत होता, "अबे, पायात दे ना!" योगेश पायात देतच नव्हता, पुढच्या रिकाम्या जागेत टाकत होता. पुष्कर दोन-तीनदा चिडला. मग त्याला उमगलं, की आपण धावून पोचतो तेव्हा बॉल तिथं आपलीच वाट पाहून राहिला असतो. त्यानंतर समोरच्यांची पार दैना झाली.

पण हेही सांगितलंच पाहिजे. शेवटी शेवटी एका सडपातळ पोट्ट्यानं योगेशच्या बाजूनं बॉल पुढं ढकलला आणि धूम ठोकली. योगेश वळेपर्यंत गोल झालेला.

सर काही येडे नव्हते. दोन्ही गोष्टी त्यांना दिसल्या. "डोकं हाय तुले," ते म्हणाले, "पण वरती सगळेच धावतात. तिथं तुले खाऊन टाकतीन. समितीसंगं बोलतो, उद्या फोन करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा योगेश अंगणात मायसंगं, म्हणजे आमच्या शालूकाकूसंगं, सांबाराच्या जुड्या बांधत होता. सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही पुण्यासाठीच. हात चिखलाचे, म्हणून त्यानं कोपरानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"योगेश, काल सामन्यानंतर तू पुष्करले बोलला, त्यानं मले सांगतलं. तू काल पहाटे अकोल्याच्या मंडीत गोबीचे पोते उतरवले, अन् लिलाव झाल्यावर तिथूनच यष्टीनं आला म्हणे?"

"हो सर."

"मंग मले बोलला काहून नाई? पाय भरले असतीन तुये. तसं असन त सांग. आराम करून ये, तुले परत धावायले लावतो. समितीले दाखवायले मले कारण भेटते."

शालूकाकूनं हातातली जुडी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खुणा केल्या. हो म्हण, हो म्हण.

"नाई सर," योगेश म्हणाला. "पोते उतरवले खरे. पण झोपून आलो असतो तरी तेवढाच धावलो असतो. मी सुस्तच हावो."

"अबे, मी तुले दार उघडून देऊन राहिलो!"

"दिसून राहिलं सर. पण खोटं सांगून आत आलो, त रोज थकल्याचं सोंग करा लागन. घ्यायचं असन त अशाले घ्या."

"अन् नागपूरच्या पोट्ट्यांसमोर तुयं अडलं, त?"

"अडलं त तिथं अडू द्या ना! इथंच काहून अडवता?"

शालूकाकूनं कपाळाला हात लावला.

"सोमवारी ये," सर म्हणाले. "पण पहिल्या अकरात नाई घेत. बाकावर बसशील."

"बसतो. बसायले वेग लागत नाई."

सरांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि फोन ठेवला. आमच्याकडं मास्तरानं शिवी दिली म्हणजे पोरगा घरचा झाला.

"मेल्या, हो म्हणायले जीभ झिजत होती का तुई?" काकू उसळली. "मले विचारलं असतं त हज्जारदा हो म्हटलं असतं!"

"अन् परत धावायले लावल्यावर? मंग कोणत्या मंडीचं नाव सांगतलं असतं, माय?"

काकूनं सुतळीचा गुंडा त्याच्या अंगावर फेकला. रस्त्यावरून देवीदासभाऊ ओरडला, मंडीची गाडी येऊन राहिली, झालं का तुमचं? कुठी झालं! अर्धा सांबार तसाच सुटा पडला होता, आणि उन्हानं वरची पानं माना टाकून राहिली होती. योगेशनं ढिगावर पाण्याचा हबका मारला, मांडी घालून बसला आणि पुढची जुडी हातात घेतली.