हा आधी कोण होता?

जादूच्या राज्याची ती चित्रपटमालिका आमच्या घरी सगळ्यांनी पाहिली, पण त्यातल्या तीन पोरांसाठी नाही. त्या पोरांचं जगभर कौतुक होतं म्हणे. आम्हाला त्यांचं फारसं काही वाटलं नाही. पोरं नवी होती, त्यांच्या मागे काही नव्हतं. मागची कामं होती ती मोठ्या नटांना. पांढऱ्या दाढीचा गुरू, काळ्या झग्यातला दरबारी, काठी टेकत येणारी म्हातारी राणी. यातलं कोणी पडद्यावर आलं की मी आणि आत्या एकदमच विचारायचो, हा आधी कोण होता?

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. त्या वर्षांत आमचा जिल्हा वर्तमानपत्रात एकाच कारणासाठी यायचा आणि बाहेरून आलेल्या गाड्यांमधले लोक कॅमेरे घेऊन कोणाच्याही अंगणात उभे राहायचे. गावात हसण्यासारखं फार काही नव्हतं. रविवारी दुपारी केबलवर हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे लागायचे. भारनियमनातून वीज वाचली तर आम्ही ते शेवटपर्यंत बघायचो. मी डी.एड. करून घरी बसले होते, नोकरीची वाट बघत. लग्नाची बोलणी त्याच सुमारास सुरू झाली.

आत्या बाबांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती कायमची. तिच्या नावावर नवऱ्याच्या वाटणीचं तीन एकर वावर होतं, आमच्या शिवाराला लागूनच, नाल्याकाठचं काळंभोर. बाबा ते आपल्या वावराबरोबर करायचे, पण त्यात काय पेरायचं ते आत्या सांगायची. काचबिंदूने तिचे डोळे जाऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. तरी दरवर्षी कापसाच्या वेचणीला ती जायचीच. दोन ओळी तिच्या ठरलेल्या. बोटांनी बोंड चाचपायची आणि पाकळीत काही न ठेवता कापूस ओढून घ्यायची. डोळस बायांच्या ओटीत कचरा निघायचा, तिच्या ओटीत नाही.

माझं लग्न ठरण्याच्या कितीतरी आधीपासून तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. "तुया लग्नातली गादी माह्या वावरातल्या कापसाची. माह्या हातानं वेचीन." आमच्याकडे मुलीबरोबर गादी जाते. तिला पोटची मुलगी नव्हती, त्यामुळे ती गादी म्हणजे तिच्या लेखी काय होतं, हे मला कळायला हवं होतं. तेव्हा मी नुसती हो म्हणायचे.

सिनेमाकडे येते. माझ्याकडे एक वही होती. राळेगावला सायबर कॅफे निघाला होता. एसटीने गेले की मी तिथे अर्धा तास बसून या मालिकेतल्या मोठ्या नटांची आधीची कामं शोधायचे आणि वहीत उतरवायचे. गुरू झालेला नट तरुणपणी एका कोर्टाच्या सिनेमात न्यायाधीश होता. काळ्या झग्यातला दुष्ट दरबारी एका प्रेमकथेत गरीब पियानो शिक्षक होता, आणि प्रेम न सांगताच मरून गेला होता. म्हाताऱ्या राणीने युद्धाच्या एका सिनेमात नर्सचं काम केलं होतं. दाढी, टोप, सुरकुत्या यांच्या आतून मी जुना चेहरा ओळखून काढायचे आणि ओळखला की मला फार शहाणं झाल्यासारखं वाटायचं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, दुसरं काय.

आत्याची वही तिच्या कानात होती, आणि ती माझ्या वहीशी कधीच जुळायची नाही.

गुरू पहिल्यांदा बोलला तशी ती म्हणाली, "हा थोच हाय, जहाजावरचा कप्तान. लेकराले पाण्यात टाकून पळला होता थो. याच्यावर भरोसा नोको ठेवू."

"नाई वो आत्या. हा कोर्टातला जज होये. माह्याजवळ लिवून हाय."

"लिवणारा काईबी लिवते. मले आयकू येऊन राह्यलं ना."

राणीला ती चोर म्हणायची, कारण कुठल्याशा सिनेमात त्याच आवाजाच्या बाईने हिरे पळवले होते. दरबाऱ्याला ती भूकंपाच्या सिनेमातला डॉक्टर म्हणायची आणि तो कितीही दुष्टपणा करो, त्याची बाजू घ्यायची. "माणूस चांगला हाय, पाहा तू." बाबा, आई, शेजारच्या काकू, सगळे या भांडणाची मजा घ्यायचे. निकाल नेहमी माझ्या बाजूने लागायचा, कारण माझ्याकडे कागद होता. हळूहळू गावात म्हणच पडली. कोणी उगाच काही बोललं की लोक म्हणायचे, हा आत्याचा कान आहे. तिच्यासमोरही म्हणायचे. ती पण हसायची.

त्या वर्षी मे महिन्यात गावात बियाण्याची प्रचारगाडी आली. शाळेला सुट्या होत्या, म्हणून एका वर्गात टीव्ही मांडून भर दुपारी बियाण्याची फिल्म दाखवली. आत्याला पुढच्या बाकावर बसवलं, मी मागे खिडकीपाशी उभी राहिले. पडद्यावर फेटा बांधलेला, भरघोस मिशांचा एक शेतकरी आला. छातीएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभा राहून तो सांगत होता की आपण नेरकडचे, आजवर सगळी बियाणी लावून पाहिली, पण असं बोंड बघितलं नाही. झाडं खरंच बोंडांनी वाकली होती. वर्गातली माणसं पुढे झुकून बघत होती. इतक्या वर्षांत कोणी त्यांना चांगली बातमी दिली नव्हती.

आत्या मोठ्याने म्हणाली, "हा शेतकरी नोहोय. हा मांगच्या सालचा डाक्टर होये. टॉनिकवाला."

आदल्या वर्षी पिकाचं टॉनिक विकणारी एक गाडी आली होती. तिच्या फिल्ममध्ये पांढरा कोट आणि चष्मा घातलेला, मिशी नसलेला एक शास्त्रज्ञ बोलला होता. ते टॉनिक फवारलं काय आणि पाणी फवारलं काय, सारखंच निघालं होतं.

"बोलाच्या आंधी आवंढा गिळते थो," आत्या सांगत होती. "थ्या सालीबी गिळे. आयका तुमी."

मागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा वर्ग हसला. "आत्याचा कान!" कोणीतरी ओरडलं. गाडीबरोबर आलेला माणूसही हसला आणि त्याने आवाज वाढवला.

घरी बाबा विचारात होते. बाबांचा स्वभाव घाईचा नव्हता, आणि बहिणीचं म्हणणं ते सहसा मोडत नसत. त्यांनी गाडीवरून घेतलेली बियाण्याची पाकिटं माझ्यासमोर ठेवली. "तुले काय वाटते? तू शिकेल हायेस."

पाकीट गुळगुळीत होतं, पाठीमागे सगळं इंग्रजीत. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धं मलाही कळलं नव्हतं, पण वाचताना अडखळले नाही. पुढच्या बाजूला त्या फेटेवाल्याचा फोटो होता. मी तो नीट बघितला आणि मागच्या वर्षीचा चष्मेवाला आठवून पाहिला. मला दोन वेगळी माणसं दिसली. सात समुद्रापलीकडच्या नटाला मी हातभर दाढीआडून ओळखत होते, आणि एक फेटा नि चिकटवलेली मिशी मला ओळखू आली नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी म्हणाले, "आत्याचं काय आयकता बाबा? तिले तर दाढीवाला गुरू अन् जहाजावरचा कप्तान एकच वाटते."

बाबा हसले. पाकिटं तीन एकरापुरतीच होती, आणि चांगल्या बियाला चांगली जमीन हवी म्हणून ते आत्याच्या वावरात लावायचं ठरलं. ती ओसरीवर बसून सगळं ऐकत होती.

"माह्या वावरात नोको टाकू थे बी," ती एकदाच म्हणाली. बाबांनी समजावलं, मी समजावलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमी डोळेवाले हा. पाहा मंग."

बी उगवलं. नुसतं उगवलं नाही, माजलं. पोळ्यापर्यंत आत्याच्या वावरातली झाडं आमच्या झाडांपेक्षा हातभर उंच होती आणि रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मी आत्याला मुद्दाम तिकडे नेलं. तिने एका झाडाचा शेंडा चाचपला, हात वर करावा लागला तिला. "लय उंच झालं वो," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. मी जिंकल्याच्या आनंदात होते, तीसुद्धा हरल्याच्या आनंदात होती. तिला गादी दिसत असणार.

पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, आल्या आणि गळल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गळल्या. बाबा रोज सकाळी जाऊन येत आणि घरात काही बोलत नसत. आम्ही आत्याला सांगितलं नाही. कोणी सांगायचं यावर माझी आणि आईची खुणांनी भांडणं होत, तिच्यासमोरच.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात दगड मांडून पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य आणि पहिला कापूस ठेवतात, मग बाया ओटी बांधून ओळीत शिरतात. आत्याने पहाटेच दहीभात कालवला होता. आता न्यावंच लागणार होतं. पूजेचा पहिला कापूस तीच वेचायची, म्हणून मी तिचा हात धरून तिला तिच्या ठरलेल्या ओळीपाशी उभं केलं. तिने ओटी घट्ट केली, बुडापासून झाड चाचपायला सुरुवात केली आणि फांदी फांदी करत वर गेली. पानं, पानं, पानं. दुसरं झाड. तिसरं.

"बोंडं कुठी हायेत?" तिने विचारलं.

ती पुढे चालत राहिली. हिरव्यागार पऱ्हाटीत तिचं डोकंही दिसत नव्हतं, नुसती पानांची सळसळ पुढे सरकत होती. मला वाटलं ती रडेल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही ओळी संपवून ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओटीत ओंजळभर कापूस होता, अर्धी बोंडं किडकी. तिने तो दगडांपुढे ठेवला, पूजा केली आणि दहीभात शिंपडला. मग तो कापूस परत उचलून पदरात बांधला.

माघात माझं लग्न झालं. गादीचा कापूस राळेगावहून विकत आणला. पिंजारी अंगणात पिंजत असताना आत्या त्याच्याजवळ जाऊन बसली आणि पदराची गाठ सोडून ती ओंजळ त्याच्या हातात दिली. "हेबी टाक याच्यात," ती म्हणाली. एवढंच. मी दारातून बघत होते आणि मला पुढे होता आलं नाही. पुढच्या हंगामात आत्याने वावर ठोक्याने, वर्षाच्या ठरावीक रकमेवर, दुसऱ्यांना देऊन टाकलं. काय पेरायचं ते त्यांना विचारा, म्हणाली. पुन्हा ती वेचणीला गेली नाही.

मी नेरला नांदायला आले. तिथेच शाळेत लागले. बऱ्याच वर्षांनी एके दिवशी टीव्हीवर एका माणसाची मुलाखत लागली होती. साधा, टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला माणूस. त्याने तोंड उघडलं आणि माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. तो गुरू होता. पांढऱ्या दाढीच्या त्या नटाला हिंदी आवाज आपण दिला, असं तो सांगत होता. त्याआधी कोणाकोणाला दिला तेही त्याने सांगितलं, आणि त्यात तो जहाजावरचा कप्तान होता. डबिंग करणारे थोडेच असतात, तो हसत म्हणाला, आम्हीच सगळे होतो.

म्हणजे आत्या एकदाही चुकली नव्हती. ती ऐकत होती त्या मालिकेत तो माणूस खरोखरच आधी कप्तान होता. मी चेहऱ्यांची वही घेऊन आवाजाच्या परीक्षेत तिला नापास करत आले होते.

पुढच्याच रविवारी माहेरी निघाले. यवतमाळला एसटी बदलली. कळंब गेलं तशी तोंडात शब्द जुळवायला लागले. घरी पोहोचले तेव्हा आत्या टीव्हीसमोर बसली होती. आता फार थकली होती. योगायोग म्हणा, जादूच्या राज्याचा पहिलाच भाग लागला होता. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. मुलाखत, कप्तान, गुरू, एकच माणूस. "तू बरोबर होतीस आत्या," मी म्हणाले. "सगळ्याच वक्ती."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मी रडायला लागले. वावराचं बोलायचं होतं, गादीचं बोलायचं होतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"थ्या दिवशी शाळेत मांगून पह्यले कोण हासलं, थेबी मले मालूम हाय. तुयं हासू मले वळखू येत नाई का?"

मी बाबांना, आईला, नवऱ्याला, सगळ्यांना आजवर सांगत आले होते की मागच्या बाकांवरची पोरं हसली. वर लिहितानाही मी 'कोणीतरी' असंच लिहिलं आहे.

तिचा हात पाठीवर तसाच होता. "सरक जरासी," ती म्हणाली, "दाढीवाला बोलून राह्यला."