बोईसरच्या वाडग्यातला जवळा

सिन्नरहून निघाले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि डोक्यात एकच काम. माझी लेक मनीषा आणि जावई नितेश यांनी बोईसरला नूडल्सचं हॉटेल काढलं, त्याला दिवाळीत वर्ष झालं. वर्षभरात नितेशच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाई हिराबाईंनी, त्या हॉटेलची पायरी चढलेली नाही. त्यांच्या शिरगावहून बोईसर ते काय, तासाभराची वाट! मनीषा फोनवर म्हणाली, "आई, त्या भांडत नाहीत, नुसतं 'येईन गो' म्हणतात. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं." म्हटलं, मीच जाते आणि हाताला धरून आणते.

नूडल्स म्हटल्यावर नाक मुरडू नका. माझी मनीषा त्या हाताने ओढते. पाटावर शेवया वळायला तिला मीच शिकवलं, ते मनगट तिथे कामाला आलं. हॉटेल उघडलं त्याच दिवशी मी हे विहीणबाईंना फोनवर सांगितलं होतं. खरं तर दोनदा सांगितलं होतं.

नाशिकहून पालघरची एसटी मिळाली. त्र्यंबक मागे पडलं की रस्ता वळणं घेऊ लागतो. मोखाड्याच्या उतारांवर नागलीची कापणी उरकलेली, नुसती खुंटं उभी. जव्हारला एक जोडपं चढलं, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं आणि बाईच्या काखेत जिवंत कोंबडी. कामाला चालले होते वीटभट्टीवर.

"कोंबडी कशाला गं सोबत?" मी विचारलं.

"घरा कोन हाय तिला?" बाई म्हणाली. ती कोंबडी मनोरपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत होती.

पालघरहून रिक्षाने शिरगाव. आधी माड दिसले, मग किल्ल्याची काळी भिंत, आणि त्याही आधी वास! विहीणबाई खळ्यात (मासळी वाळवायचं सारवलेलं अंगण) उकिडव्या बसून बाजारात विकायचा जवळा पसरत होत्या. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. उन्हात ती गुलाबी दिसत होती, वाटलं कुणी फुलंच पसरलीत. दर दोन दिवसांनी त्या खळं शेणाने सारवतात. "वालूवर टाकला का झाला, दाताखाली कचकच. ताडपत्रीवर घाम सुटतो त्याला," त्या म्हणाल्या. पासष्टीच्या बाईचा काय तो कान! मुठीत घेऊन नुसतं कानाशी हलवतात आणि आवाजावरून सांगतात, वाळला की नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "विहीणबाई, मला एकटीला बोईसर सापडायचं नाही हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिन्नरशी आलात, मदी डोंगर आडवा नाय आला. नि आता रस्ता नाय गावत?"

पण पाहुण्या विहिणीला एकटी पाठवायची रीत नाही. निघाल्या. वर बजावलं, "दारापर्यंत येते हां. आत नाय."

बोईसरची हवाच वेगळी. कारखान्यांचा तिखट वास, टपऱ्यांवर हिंदी बोलणारी माणसं. मनीषाचं हॉटेल म्हणजे सहा टेबलं आणि रस्त्याकडे एक मोठी काच. काचेआड माझी लेक कणकेची दोरी दोन हातांत धरून ओट्यावर आपटत होती. एकाचे दोन, दोनाचे चार, बघता बघता हातात झुंबर! बाहेर चार कामगार जेवण विसरून बघत उभे. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "बघा, बघा विहीणबाई! शेवयाच की नाही माझ्या?"

विहीणबाई पायरीशीच थांबल्या. मनीषा पिठाच्या हातांनी धावत आली, सासूच्या पाया पडली आणि उठेचना. तेव्हा कुठे त्या आत आल्या. नितेशने खुर्ची पुसली, पुन्हा पुसली.

वाडगे आले. वाफाळता रस्सा, त्यात नूडल्स, पातीचा कांदा, अर्धं अंडं. सोबत दोन काड्या. माझी पहिलीच नूडल निसटली ती थेट निऱ्यांवर. शेजारच्या टेबलावरचा कामगार हसून म्हणाला, "चाची, पहले सूप पियो, फिर नूडल पकडो." आणि विहीणबाई? जाळं विणणारी ती बोटं. एकदा काड्या फिरवून पाहिल्या आणि एकही थेंब न सांडता घास तोंडात. सगळं टेबल बघत राहिलं.

"कशा आहेत?" मनीषाने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"शेवया बऱ्या हायत. तुज्या आयशीच्या." मग त्यांनी रस्सा चाखला, जिभेवर घोळवला. "जवळा हाय. बाजारचा. वालूवरचा."

मनीषाची मान खाली गेली.

"हॉटेलात आयशीच्या शेवया," विहीणबाई वाडग्याकडे बघत म्हणाल्या, "नि सासू बाजारात जवळा इकते, तर सून दुसरीच्या पाटीवरना घेते. सगल्या बाया इचारतात मना. काय सांगू? माजा वास नाय चालत?"

वर्षभर मी फोनवर "शेवया माझ्या" म्हणून मिरवत होते, आणि तिकडे हे असं लागत होतं.

मनीषाला रडू फुटलं. ती सासूला म्हणाली, "आई, रश्श्यासाठी जवळा तासभर उकळून गाळून टाकावा लागतो. चोथा फेकायचा. तुमचा तो खळ्यावरचा जवळा, तुम्ही कानाशी धरून बघता तो, मी कचऱ्यात टाकू? माझा हात धजेना. म्हणून बाजारचा साधा आणला."

विहीणबाई एकदम उठल्या आणि तरातरा चालत गेल्या त्या स्वयंपाकघरात. आम्ही मागोमाग. "दाव चोथा!" चाळणीतला चोथा त्यांनी चिमटीत चोळला. "आगो येडे, हा फेकतेस? कांदा, लसूण, मिरची घाल नि तव्यावर परत." आणि स्वतःच तवा चढवला, पदर खोचून. पाच मिनिटांत कुरकुरीत चटणी झाली. ती एक एक चमचा प्रत्येक वाडग्यावर पडली, तेव्हा तो कामगार काड्या ठेवून चमचा मागायला लागला.

"उद्याशी माजा जवळा," विहीणबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "नि उकलताना मना इचारायचा." त्या दिवशी दारापर्यंत आलेली बाई चार वाजले तरी ओट्यापासून हलली नाही.

परतीला त्यांनी माझ्या पिशवीत जवळ्याचं पुडकं घातलं. एसटीत शेजारच्या बाईने खिडकी उघडली. मी पुडकं मांडीवर घट्ट धरून बसले. विहीणबाईंना आणायला गेले होते, पण त्यांच्या वाटेत वर्षभर उभी होते ती मीच, माझ्या शेवयांचं कौतुक घेऊन.

सिन्नरला शेजारणी जमल्याच. "काय म्हणतात बोईसरला? शेवया तुमच्याच ना?"

"शेवया माझ्या," मी म्हटलं, "पण चव घ्यायची तर आधी हा वास घ्या." आणि पुडकं सोडलं.