दोन कोपरांची जागा

दुकानातली जुनी कपाटे परवा बाहेर काढली आणि शहाबादी फरशीवर चार फिकट चौकोन उघडे पडले. आता इथे मी मोबाइलची कव्हरे विकतो. पण त्या चौकोनांवर एके काळी व्हिडिओ गेमची चार मशिने उभी होती, आणि तेव्हा हे दुकान माझ्या एकट्याचे नव्हते.

भागीदार माझा शाळेपासूनचा मित्र, जवळच्याच कामठ्याच्या शेतकरी घरातला. नवे शतक लागता लागता आम्ही आमगावात हे पार्लर मांडले. मशिनांमधले अंतर तो टेपने मोजत नसे. एकापुढे उभा राही, कमरेवर हात ठेवून दोन्ही कोपर बाहेर काढी आणि त्यापलीकडे आणखी एक माणूस मावेल इतकी जागा सोडून मगच दुसरे ठेवी. खेळणारा एक असतो, पाहणारे तीन, असे त्याचे म्हणणे. आणि खरेच, पोरे खेळण्यापेक्षा एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पाहायलाच जास्त येत. रिकाम्या दुपारी सगळी गजबज त्या फटींमध्ये असे.

मला मात्र त्या फटी डोळ्यांत खुपत. तो रोवणीला, धानाची रोपे लावायला, गावी गेला, तेव्हा मी चारही मशिने समोरच्या भिंतीकडे सरकवली आणि दाटीवाटीने पाचवे बसवले. आठवड्याने तो परतला आणि दारातच थांबला.

"काऊन गा, पाहणारे कोठी उभे राहतीन?"

"पाहणाऱ्यापासून आपल्याले काय भेटते?" मी म्हणालो.

"धानाचे परहे बी आमी इतके दाट नाही लावत," म्हणून तो हसला. मला वाटले, मिटले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. कामठा काही परदेशात नव्हते, पण माझा ताठा आडवा आला. हळूहळू पाहणारे गेले, मागून खेळणारे गेले. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि लोकांना तेच कारण सांगणे मला सोयीचे झाले. स्वतःला सांगताना मात्र जीभ अडते. तो सोडून गेल्यापासून मला करमलेले नाही, एवढेच खरे.

आज सकाळी गिऱ्हाईक नव्हते. पहिल्या चौकोनापुढे उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले, दोन्ही कोपर बाहेर काढले. त्याचे माप अजून चुकलेले नाही. माझ्या शेजारी एक माणूस सहज मावला असता.